उठायला अकरा सेकंद

माझ्या मुलीने मला तीन महिने फसवलं, आणि शाळेने त्याबद्दल तिला पहिलं बक्षीस दिलं.

हे मी रागाने लिहीत नाही. (रागाने लिहिलेला कागद वेगळा होता. तो आमच्या ह्यांनी फाडला.) घडलं तसं लिहितेय, म्हणजे नववीत मुलगी असलेल्या रत्नागिरीतल्या बाकीच्या आया तरी सावध राहतील.

एस.टी. स्टँडकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाची पिठी. पंधरा वर्षांपूर्वी मी स्टँडच्या बाहेर एका फळीवर आमसुलाची दहा पाकिटं मांडून बसले होते. बसले म्हणजे उभी होते. माझं माहेर पूर्णगडचं. लहानपणी आत्याबरोबर मासळीच्या लिलावाला जायचे, तेव्हा तिने मला एकच गोष्ट शिकवली होती. "सुनंदा, लिलावात खाली बसलेल्या बाईला कुणी विचारत नाय. आधी उभी ऱ्हा, मग तोंड उघड." मी ती शिकवण इतकी मनावर घेतली की गिऱ्हाईक "जरा कमी..." एवढंच म्हणालं तरी मी स्टुलावरून उभी! "करा ना" हे त्याने माझा चेहरा बघून गिळलेलं असायचं.

अशा रीतीने मी दुकान उभं केलं. (इथे कुणी हसायचं नाही.)

तर गेल्या जूनमध्ये रेवतीच्या शाळेने नववीला एक नवा ऐच्छिक विषय काढला. उत्पादन रचना आणि तंत्रज्ञान. मी गृहीत धरलं होतं की माझी मुलगी संस्कृत घेणार. संस्कृतमध्ये मार्क पडतात. शेजारणीच्या मुलीला इतके पडले की शेजारीण वर्षभर त्याच आकड्यावर जगली. आणि रेवती घरी येऊन सांगते, "आई, मी नवा विषय घेतला."

"त्यात काय शिकवतात?"

"वस्तू कशी तयार करायची ते."

"वस्तू बाजारात मिळतात."

"पण त्या कुणीतरी केलेल्या असतात ना आई?"

आता याला उत्तर होतं, पण त्या वेळी ते मला सुचलं नाही. (अजूनही सुचलेलं नाही.) म्हणून मी तडक शाळेत गेले. हा विषय शिकवायला चौगुले नावाचे सर आले होते. कोल्हापूरकडचे, तरुण, दाढीत लाकडाचा भुसा. मी म्हटलं, "सर, हा विषय घेऊन पुढे काय होतं?"

"ताई, पोरं माणसाकडं बघाय शिकत्यात. एकेकानं घरातलं एक माणूस निवडायचं, त्याची अडचण हुडकायची, आणि ती जाईल अशी वस्तू करायची. नमुना करायचा, वापरून बघायचा, चुकलं तर परत..."

"म्हणजे सुतारकाम!"

"न्हाई ओ, सुतारकाम हाय, पण आधी..."

"आणि मार्क?"

मार्कांचं उत्तर त्यांनी दिलं असावं. मी तोपर्यंत फाटकाबाहेर पडले होते.

पण एक गोष्ट समजली होती. नववीपुरता हा विषय चालून जाणार होता. दहावीला तोच ठेवायचा तर जानेवारीत एक फॉर्म येणार, आणि त्यावर पालकांची सही लागणार. आमचे हे लोट्याला कंपनीत कामाला, शनिवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी जातात. त्यामुळे घरात सही म्हणजे माझीच. आणि सही माझ्या हातात आहे म्हटल्यावर सौदा कसा करायचा, हे मला कुणी शिकवायला नको!

मी दुकानातच रेवतीला समोर उभं केलं. म्हटलं, "सही पाहिजे ना? मग एक वस्तू करून दाखव. शोकेसमध्ये ठेवायची नाही. मी रोज वापरेन अशी. मी वापरली आणि मला आवडली, तर सही. नाही तर दहावीला संस्कृत."

रेवतीने जरा विचार केला. ही मुलगी वडिलांसारखी दिसते, पण सौदा करताना तिचे डोळे माझे असतात. ती म्हणाली, "वस्तू कुठली ते मी ठरवणार."

"ठरव."

"मुदत जानेवारीपर्यंत."

"कबूल."

"आणि नंतर शब्द फिरवायचा नाही."

"माझा शब्द या रस्त्यावर नोटेसारखा चालतो!"

"मग साक्षीदार पाहिजे," असं म्हणून ती शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून भाटकरकाकांना घेऊन आली. भाटकरकाका सत्तरीचे. त्यांच्या मशीनपेक्षा त्यांची स्मरणशक्ती जास्त स्वच्छ प्रत काढते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाली नोंद." मी हसले. तेव्हा हसले!

मग रेवती वही घेऊन माझी मुलाखत घ्यायला बसली.

"आई, तुला कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"गिऱ्हाइकांचा."

"तसं नाही. हाताच्या कामात."

"पिठी भरण्याचा."

हे खरंच होतं. कुळथाची पिठी पाकिटात भरायची म्हणजे अर्धी पाकिटात आणि अर्धी नाकात. रेवतीने लगेच यंत्र करायला घेतलं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं मोठं नरसाळं, खाली प्लास्टिकचा पाइप, आणि बिघडलेल्या मिक्सरची मोटर. ती बिघडली होती, पण चौगुले सरांनी दुरुस्त केली. गणपती झाल्यावर एका रविवारी यंत्र दुकानात आलं. हेही घरी होते. भाटकरकाका साक्षीदार म्हणून दाराशी उभे. समोर पुण्याचं एक कुटुंब आंबापोळीचा वास घेत उभं. गृहस्थांचा शर्ट पांढरा, पँट पांढरी आणि चेहऱ्यावर भाव असा की कोकणाला एक संधी देऊन बघू.

रेवतीने बटण एकवर ठेवलं. पिठी पाइपातून संथपणे पाकिटात उतरायला लागली. अगदी बरोबर मापाने. आता खरं सांगायचं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मला ते संथ वाटलं. मी म्हटलं, "एकवर चालतं त्याला यंत्र म्हणत नाहीत," आणि तीनवर केलं.

"आई, नको! तीनवर..."

तिचं वाक्य मी ऐकलं नाही. कुणालाच ऐकू आलं नाही. डब्याचं झाकण छताला लागलं आणि पाच किलो पिठी एकदम मोकळी झाली. दुकान दिसेनासं झालं. आमचे हे कुठेतरी खोकत होते. भाटकरकाका दारात होते, ते रस्त्यात गेले. पिठी खाली बसली तेव्हा पुण्याचे गृहस्थ जसेच्या तसे उभे होते, फक्त वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचे. त्यांच्या पापण्या हलल्या म्हणून ते जिवंत आहेत एवढं कळलं.

ते म्हणाले, "अहो, हा काय प्रकार..."

मी उभी होतेच. "प्रकार नाही, पिठी! आणि अस्सल आहे म्हणून उडाली! भेसळीची जड असते, जागची हलत नाही!"

"अहो बाई, माझं म्हणणं एवढंच..."

"तुमच्या पुण्यात मिळते का अशी? घरी जाऊन झटका आणि त्याचं पिठलं करा! पैसे नकोत मला!"

ते कुटुंब गेलं. जाताना त्यांचा लहान मुलगा हात चाटत होता, आणि त्याला ती आवडलेली दिसत होती. पण गिऱ्हाईक गेलंच. ह्यांनी चष्मा पुसत म्हटलं, "अगो, ते काय म्हणत होते ते तरी ऐकायचंस. रागावलेले दिसत नव्हते."

"पिठीत रंगलेल्या माणसाचा चेहरा तुम्हाला दिसला?"

मग मी जाहीर केलं की विषय संपला. संस्कृत. रेवती केसांतली पिठी झटकत शांतपणे म्हणाली, "मुदत जानेवारीपर्यंत आहे." भाटकरकाका रस्त्यातूनच ओरडले, "आहे, आहे! नोंद आहे!"

दोन दिवसांनी चौगुले सर यंत्राचे अवशेष न्यायला आले. नेताना रेवतीला म्हणाले, "पडलं तर पडू दे की. तू त्यांना इचारलंस, तितंच चुकलं. माणसाला सोताची अडचण म्हाईत नसती. इचारू नको. नुसतं बघत बस." मला वाटलं, मुलीला गप्प बसून अभ्यास कर असं सांगतायत. मी खूश होऊन त्यांना एक फणसपोळी बांधून दिली. फुकट! मी! त्या माणसाने माझ्याच दुकानात, माझ्या समोर, माझ्याविरुद्ध कट केला आणि मी त्याला वर फणसपोळी दिली!

त्यानंतर रेवती रोज शाळेतून आली की दुकानाच्या कोपऱ्यात काजूच्या पोत्यावर वही घेऊन बसायला लागली. एक शब्द नाही. मधूनच माझ्याकडे बघायची, मधूनच घड्याळाकडे, आणि काहीतरी लिहायची. मला वाटलं, गणितं सोडवतेय. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा, एका यंत्राने कशी सरळ झाली." मग एकदा तिने टेप काढून माझं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. मग कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं. मग हाताचं.

"कशाला गो?"

"असंच. शाळेत मापं घ्यायला शिकवतायत."

मी मनात म्हटलं, मुलगी आईला दिवाळीला ड्रेस शिवतेय, आणि गुपित ठेवतेय. माझे डोळे भरून आले होते. तेही त्या वहीत लिहिलं गेलं असणार.

दसरा झाला आणि ती एक खुर्ची घेऊन आली.

खुर्ची म्हणजे काय खुर्ची! फणसाच्या लाकडाची, बैठक आणि पाठ खाटेच्या नवारीच्या पट्ट्यांनी विणलेली. नेहमीच्या खुर्चीपेक्षा बरीच खाली, आणि बैठक मागच्या बाजूला उतरती. हात लांब आणि गुळगुळीत. "शाळेत सराव म्हणून केली," रेवती म्हणाली. "तुझी पाठ दुखते ना, म्हणून म्हटलं तू बस."

सराव म्हणून! याला मी फसवणूक म्हणते. दुसरा कुठला शब्द असेल तर सांगा.

मी बसले. आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ मला म्हणाली, बरं वाटलं. मी डोळे मिटले. रेवतीने विचारलं, "आवडली?"

"आवडली म्हणजे काय! त्या पिठीच्या यंत्रापेक्षा हे शिक की!"

"रोज वापरशील?"

"स्टूल आजच मागच्या दारी टाक."

"काका, ऐकलंत?"

"नोंद झाली," भिंतीपलीकडून आवाज आला. मला वाटलं, म्हातारा झेरॉक्सचं काहीतरी बोलतोय.

त्या खुर्चीतला एक लहानसा दोष मला पहिल्याच दिवशी जाणवला. बसायला सोपी होती, पण उठायला अवघड. एका बाईने फणसपोळी हातात घेऊन "जरा कमी..." म्हटलं आणि मी सवयीने उठायला गेले. पण वजन सगळं मागे, गुडघे वर आणि पाय अर्धे तरंगत! हातावर जोर द्यावा तर हात गुळगुळीत. आधी पुढे सरकायचं, मग एक पाय रोवायचा, मग दुसरा, मग कंबर. मी पूर्ण उभी राहीपर्यंत त्या बाईचं वाक्य पुरं झालेलं होतं. "जरा कमी गोड असलेली आहे का हो? सासूबाईंना साखर आहे."

मी एवढी उभी राहिले होते, तर आता काय करणार? बिनसाखरेची पोळी काढून दिली.

मग हे रोजचं झालं. एकजण म्हणाला, "मागच्या वेळची आमसुलं..." मी पुढे सरकले, पाय रोवला. तोपर्यंत तो म्हणाला, "...इतकी चांगली होती की ऑफिसात सगळ्यांनी मागवलीत." दुसरी म्हणाली, "समोरच्या दुकानात हेच..." मी कमरेपर्यंत आले. ती म्हणाली, "...असं मिळत नाही." मला वाटलं, अखेर या शहरातली गिऱ्हाइकं सुधारली! माझ्या नावाचा धाकच तसा. मी ह्यांना अभिमानाने सांगितलं, "बघा, पंधरा वर्षं वळण लावत होते, आता लागलं." हे शनिवारी आले की दुकानात शिरायच्या आधी क्षणभर दाराशी थांबून कानोसा घ्यायचे आणि विचारायचे, "आवाज बसला काय गो तुझा?"

आणि सगळ्यात वर सावर्ड्याचा काजूवाला. हा माणूस दोन वर्षं महिन्याआड माझ्याकडे यायचा. दारात पाय ठेवून म्हणायचा, "बाई, काजूगर राहू दे, मी..." आणि मी उभी! काजूगर राहू दे म्हणजे भाव वाढवायची तयारी, हे मला कळत नाही होय? दर वेळी मी त्याला पायरीवरूनच परत पाठवायचे. डिसेंबरात तो परत आला. मी उठायला लागले. तोही माझ्यासारखाच हट्टी, पण त्याला त्या दिवशी वेळ मिळाला. एका दमात बोलून टाकलं, "बाई, काजूगर राहू दे, मी हायवेवर नवीन दुकान काढलंय आणि मला तुमची आंबापोळी ठेवायची आहे."

दोन वर्षं! दोन वर्षं तो माणूस मला हे सांगायला येत होता, आणि मी त्याला अर्ध्या वाक्यावर हाकलत होते. मी त्याला म्हटलं, "मग आधी सांगायचं नाही?"

बिचाऱ्याने परत वाक्य सुरू करायची हिंमत केली नाही.

जानेवारी आला. शाळेत प्रदर्शन होतं, आणि त्याच दिवशी फॉर्म भरायचे होते. आदल्या दिवशी रेवती खुर्ची घेऊन गेली. म्हणाली, नवार सैल झालीय, घट्ट करून आणते. मला शंका येण्याचं कारणच नव्हतं. मी तर उलट तयारीत होते. पिठीचं यंत्र फसलं होतं, दुसरी कुठलीही वस्तू माझ्यासमोर आली नव्हती, मुदत संपत होती. मी चांगली साडी नेसले. सही नाकारायची तरी नीट नाकारावी. भाटकरकाका बरोबर आलेच. ह्यांनी त्या दिवशी कंपनीतून मुद्दाम रजा घेतली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शाळेच्या सभागृहात ही गर्दी! टेबलांवर मुलांच्या वस्तू. आजोबांसाठी औषधाचा डबा, आजीसाठी पकड असलेली पळी. आणि मधोमध, एका चौथऱ्यावर, माझी खुर्ची!

"माझी खुर्ची इथे काय करतेय?" मी म्हटलं आणि चौथऱ्यावर चढून तिच्यात बसले. हक्क म्हणजे हक्क. बसल्यावर समोरची माणसं माझ्याकडे बघून हसायला लागली. मी मान वळवली. खुर्चीच्या शेजारी माझ्याच उंचीचा तक्ता होता. रेवतीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

वापरकर्ती: माझी आई. वय सत्तेचाळीस. स्वभाव तापट.

अडचण: गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत उठून उभी राहते. उभी राहिल्यावर काही ऐकू येत नाही.

निरीक्षण: गिऱ्हाइकाला वाक्य पुरं करायला सरासरी नऊ सेकंद लागतात. आईला स्टुलावरून उठायला एक सेकंद.

उपाय: जिच्यातून उठायला अकरा सेकंद लागतील अशी खुर्ची. उरलेले दोन सेकंद विचार करण्यासाठी.

खाली माझं बाजूने काढलेलं चित्र. टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप, गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं माप. दिवाळीचा ड्रेस!

"रेवती!!" मी ओरडले आणि उठायला लागले.

आणि मला उठता येईना! पुढे सरकले, पाय रोवला. इतक्यात चौगुले सरांनी खिशातून घड्याळ काढलं. "बघा, बघा! आता प्रत्यक्ष बघा! दोन... तीन..." सभागृहातली गर्दी चौथऱ्याभोवती. "पाच... सहा..." मुलं मोठ्याने मोजायला लागली. मी दुसरा पाय रोवला. "नऊ... दहा..." मी उभी राहिले. "अकरा! बरोब्बर अकरा!" टाळ्या! टाळ्यांचा नुसता कडकडाट! आमचे हे सगळ्यांत पुढे, आणि टाळ्या सगळ्यांत जोरात!

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्याजवळ आल्या. फार नम्र होत्या. म्हणाल्या, "छान. मला जरा मागे उभं राहावं लागलं, नीट दिसलं नाही. परत एकदा रागावून दाखवता का?"

मी दाखवलं. मुद्दाम नाही. खाली पायरी दिसली नाही म्हणून तोल सावरताना मी मागे कोलमडून खुर्चीतच पडले आणि राग तर आलेलाच होता. परत अकरा. बाईंनी तिथल्या तिथे पहिलं बक्षीस जाहीर केलं.

खाली उतरल्यावर रेवती समोर आली. हातात फॉर्म आणि पेन.

"ही फसवणूक आहे," मी म्हटलं. "सराव म्हणून केली म्हणालीस!"

"तुला सांगितलं असतं तर बसली असतीस?"

"मी वस्तू म्हणाले होते. सापळा नाही."

"तू वापरलीस. रोज. आवडली म्हणालीस."

"साक्षीदार!" भाटकरकाका म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की एरवी माणूस घरी गेला असता. ते तिथेच राहिले.

रेवतीने फॉर्म परत माझ्यापुढे धरला. "आई, मला हे करायचंय. मी इतके महिने कोपऱ्यात बसून तुलाच बघितलं. संस्कृतमध्ये मार्क पडतील, पण मला कुणाकडे बघायला मिळणार नाही."

आता मी काय सांगू? समोर दोनशे माणसं, डोळ्यांत पाणी आणलेली मुलगी, आणि माझा नोटेसारखा चालणारा शब्द. पण सौदा केल्याशिवाय सही करायची म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. "तापट काढ. स्पष्टवक्ती लिही."

"स्पष्टवक्ती नाही लिहिणार. खोटं होईल. 'ठाम' लिहिते."

"ठाम चालेल. वय पंचेचाळीस."

"शेहेचाळीस."

"पंचेचाळीस आणि वर लिहायचं, की आंबापोळीची कल्पना आईची."

"त्याचा खुर्चीशी काय संबंध?"

"जाहिरातीचा आहे!"

शेहेचाळीसवर तोडलं. आंबापोळी तक्त्यावर लहान अक्षरात आली. मी सही केली. रेवतीने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. हे चष्मा पुसत होते, आणि त्या वेळी पिठी कुठेही नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं. पण दुसऱ्या दिवशी फॉर्मची प्रत घरी आली. (झेरॉक्स भाटकरकाकांकडचीच.) मी पंधरा वर्षांत एकाही कागदावर तो तीनदा वाचल्याशिवाय सही केलेली नाही. ह्या एकाच कागदावर, सौद्याच्या गडबडीत, न वाचता केली. पहिलं पान ठीक होतं. मग मी उलटून बघितलं. मागे लिहिलं होतं: "दहावीचा प्रकल्प: त्याच वापरकर्त्याची दुसरी अडचण. वापरकर्त्याची संमती आहे." खाली माझी सही!

दुसरी अडचण? कुठली दुसरी अडचण? रेवती म्हणते, "सांगितलं तर निरीक्षण बिघडेल." ह्यांना विचारलं तर ते हसतात आणि लोट्याची बस सुटेल म्हणून निघतात. भाटकरकाका म्हणतात, "नोंद आहे, पण सांगणार नाही." मी शाळेत तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा चौगुले सरांनी "बसा की ताई" म्हणून खुर्ची पुढे केली, आणि मी ती खुर्ची नीट बघून उभीच राहिले. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते. माझ्यात दुसरी अडचण आहे, हे ठरवलं कोणी? ज्याने ठरवलं त्याने दुकानात यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं. त्याचं वाक्य मी शेवटपर्यंत ऐकून घेईन. निदान नऊ सेकंद तरी.